नजरेनं मोजलेलं बहुमत

बाल्ट्स कुंडर्ट हा माणूस उभ्या आयुष्यात कशावरच निवडून आला नाही. ग्रामपरिषदेला तीनदा उभा राहिला, तीनदा आपटला. चर्चच्या समितीवर एक जागा रिकामी होती, ती घ्यायला कुणी तयार नव्हतं, हा एकटा तयार होता, तर लोकांनी ती जागा रिकामीच ठेवली. आता अशा माणसानं काय करावं? गप घरी बसावं, दोन शेळ्या पाळाव्यात. यानं काय केलं, तर आमच्या शाळेत पाचवी-सहावीचा वर्ग घेतला आणि तिथं स्वतःचं राज्य थाटलं.

मी फ्रेनी श्ट्रायफ. त्याच्या शेजारच्या खोलीत मी पोरांना शिवण-टिपण शिकवायची. मधली भिंत लाकडी फळ्यांची, त्यामुळे त्याचा एकेक शब्द माझ्या कानावर पडायचा. काही लोकांच्या शेजारी नदी असते, काहींच्या शेजारी रेल्वे. माझ्या नशिबी हा आला.

आल्प्समधल्या आमच्या ग्लारूसच्या खोऱ्यात दर मे महिन्यात जनसभा भरते. सगळे मतदार भर चौकात, रिंगणात उभे राहतात. ज्याला बोलायचं तो वर जाऊन बोलतो, मग मताची कार्डं धरलेले हात वर होतात, आणि सभाध्यक्ष तलवार टेकून उभ्याउभ्या सगळीकडून नजर फिरवतो आणि सांगतो, बहुमत अमक्या बाजूला. मोजत कुणी नाही. एवढे हजारो हात मोजणार कोण? फारच अटीतटीचं झालं तर शेजारच्या चार मंत्र्यांना विचारतो. पण शेवटचा शब्द त्याचा, आणि त्याच्यावर अपील नाही. मला स्वतःला ती सभा फार आवडते. तीन तास पावसात उभं राहून ज्याच्याशी भांडले त्याच्याच टेबलावर बसून मी वासराच्या मांसाचं सॉसेज खाल्लेलं आहे. पण हजारोंच्या रिंगणात जे शोभतं ते एकोणीस पोरांच्या वर्गात कशाला? बाल्ट्स तिथंसुद्धा मोजायचा नाही. नजर फिरवायचा!

आणि काय तो थाट! मतदानाच्या दिवशी काळा कोट. फळ्याची लांब लाकडी पट्टी तलवारीसारखी पुढं टेकवलेली. समोर अकरा-बारा वर्षांची शेंबडी पोरं, आणि हा घसा साफ करून जनसभेच्या भाषेत म्हणणार, "परमविश्वासू, प्रिय देशबांधवहो!" खिडकी उघडायची का, मतदान. गाणं कुठलं म्हणायचं, मतदान. त्याच्या लाडक्या चार पोरांना त्यानं मंत्री केलं होतं, ते पुढच्या बाकावर नाक वर करून बसायचे. घरीही म्हणे हेच चालायचं. घरात माणसं दोन, मतं दोन, बरोबरी झाली की अध्यक्ष या नात्यानं निर्णय याचा. त्याची बायको रेगुला शहाणी बाई. ती एकदा बहिणीकडे म्हणून गेली ती परत आलीच नाही, आणि तिच्या जाण्यावर मतदान घ्यायची सोय याला राहिली नाही.

आता पोरांनी मत द्यावं, हात वर करावेत, हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगल्या हातात ती चांगली गोष्ट असते. मास्तर प्रश्न टाकतो, पोरं आपापलं उत्तर ठरवतात, कुणाचं काय ते सगळ्यांना दिसतं, मग एकमेकांना पटवायला लागतात, आणि झोपाळू पोरगंसुद्धा जागं होतं. आमचा शहाणा काय करायचा? सात आठे किती, असं त्यानं एकदा विचारलं. काही म्हणाले छप्पन, काही म्हणाले चोपन्न. यानं हात वर करायला लावले, नजर फिरवली आणि जाहीर केलं, "बहुमत चोपन्नच्या बाजूनं." भिंतीपलीकडे माझ्या हातातून कात्री पडली. मधल्या सुट्टीत मी विचारलं, "अरे, तू काय डोकं गहाण ठेवलंयस का?"

"फ्रेनी, तुला कळत नाही," तो म्हणाला. "त्यांना कळू दे की बहुमतही चुकू शकतं. पुढच्या आठवड्यात ते दुरुस्ती मांडतील."

"आणि तोवर?"

"तोवर चोपन्न."

आठवडाभर सहावीच्या वर्गात सात आठे चोपन्न होते. एका पोराच्या आईचं किराणा दुकान होतं, तिनं त्याला गल्ल्यावरून उठवलं म्हणतात. दुरुस्ती मांडली गेली तेव्हा हा असा खूश, जणू आल्प्सला बोगदा यानंच पाडला.

या वर्गात आनिना रीनर आली. आनिनाला जन्मापासून स्नायूंचा आजार. थोडंथोडं चालायची, लांब जायचं असलं की चाकांची खुर्ची. हात छातीच्या वर जायचे नाहीत. बाकी पोरगी तल्लख, आणि जीभ अशी तिखट की माझ्या वर्गात टाके घालताघालता अख्ख्या बाकाला हसवायची. शिवण तिला जमायची नाही, पण कुणाचा टाका कुठं चुकला ते तीन बाकांवरून सांगायची. मला ती फार आवडायची, हे सरळच सांगते.

बाल्ट्सच्या पहिल्याच मतदानात तिनं हात वर केला, म्हणजे छातीपर्यंत नेला, आणि याच्या नजरेत तो आलाच नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिनं तोंडानं सांगितलं, "सर, माझं पण मत आहे." तर म्हणतो कसा, "आनिना, रिंगणात ओरडायचं नसतं." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तिची आई मुख्याध्यापिकेकडे गेली, आणि वरून लदीना नावाची एक तरुण बाई पाठवण्यात आली. अडचण असलेल्या मुलांना वर्गात सामावून घ्यायचं कसं, हे शिकवणं तिचं काम.

लदीना कामाची होती. तिनं प्रत्येक पोराला एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं, एका बाजूनं हिरवं, दुसऱ्या बाजूनं नारिंगी. आधी ज्यानं त्यानं एकट्यानं विचार करायचा. मग शेजाऱ्याशी बोलायचं. मग कार्ड दाखवायचं, हात वर करून, छातीशी धरून किंवा बाकावर ठेवून, ज्याला जसं जमेल तसं. "आणि सर, तुम्ही बाकांमधून एक फेरी मारायची," ती म्हणाली. "एवढंच."

कार्ड म्हटल्यावर बाल्ट्सचे डोळे चमकले. जनसभेतही कार्डच असतं ना! त्यानं लदीनाची पद्धत अशी उचलून धरली की ती स्वतःच चकित झाली. वर्तमानपत्रवाल्याला बोलावलं, आनिनाच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून फोटो काढून घेतला. खालच्या गावच्या शाळेत जाऊन 'कुणालाही न वगळणारं मतदान' यावर व्याख्यान ठोकून आला. सगळं केलं. फेरी तेवढी मारली नाही. फेरी मारायची म्हणजे व्यासपीठावरून खाली उतरायला लागतं, आणि सभाध्यक्ष खाली उतरत नसतो.

सहावीच्या शेवटी आमच्याकडे वर्गाची मोठी सहल असते. एक रात्र बाहेर काढायची, आणि सुट्टीनंतर पोरं वेगवेगळ्या शाळांत पांगतात. आनिना तर खोरंच सोडून जाणार होती, झ्यूरिखजवळच्या एका शाळेत, तिथंच राहायची सोय होती. म्हणजे या पोरांबरोबरचे हे तिचे शेवटचे दोन दिवस. बाल्ट्सच्या मनात डोंगर होता. उभी चढण चढून वरच्या कुरणावरच्या गोठ्यात जायचं, गवतात झोपायचं, त्याच्या बापानं त्याला नेलं होतं तसं. आनिनानं दुसरा प्रस्ताव मांडला. रोपवेनं वरच्या तळ्यावर जायचं, काठावर सॉसेज भाजायचे, तिथल्या वसतिगृहात राहायचं. रोपवेत खुर्ची चढते. गोठ्याच्या वाटेवर बकरीसुद्धा विचार करून पाय टाकते.

ती पुढं जाऊन बोलली. मी सहलीबरोबर जाणार होते म्हणून मागं बसले होते. चिठ्ठी नाही, काही नाही. "परमविश्वासू, प्रिय देशबांधवहो," ती म्हणाली, आणि सगळी हसली, कारण तिनं बाल्ट्सचा घसासुद्धा साफ करून दाखवला. मग म्हणाली, "गोठा छान आहे हे मला माहिती आहे. माझा भाऊ जाऊन आलाय. अंगाला आठवडाभर वास येत होता. तळ्यावर मी येऊ शकते. बस्स, एवढंच म्हणायचंय." आणि जागेवर जाऊन बसली. मतदान दुसऱ्या दिवशी होतं.

त्याच दिवशी माझ्या तासाला पोरं पिशव्या शिवत होती. आनिना व्यायामाच्या बाईंकडे गेली होती. लेविन नावाचा एक पोरगा, एरवी सुईत दोरा ओवायला मला हाका मारणारा, तो हळूच बोलायला लागला. "ए, उद्या कार्ड वर नाही करायचं हां. तिचं बाकावर असतं ना? मग आपलं पण बाकावर."

"का पण?" एकीनं विचारलं.

"नुसतंच. तिला बरं वाटेल ना."

"सरांना दिसेल का पण?"

"आंधळे आहेत का ते?"

मी काही ऐकलं नाही असं दाखवून कपाटाकडे वळले. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. एवढीएवढी पोरं! तास संपल्यावर सगळ्यांना चॉकलेट वाटलं, आणि लेविननं विचारलं, "बाई, आज तुमचा वाढदिवस आहे का?"

दुसऱ्या दिवशी काळा कोट, पट्टी, घसा, सगळं यथासांग झालं. "ज्यांना गोठा हवा, त्यांनी मत दाखवावं." आठ हात वर गेले, ताठ, हिरवी कार्डं छताला टेकतायत की काय अशी. चारही मंत्री त्यात होते. बाल्ट्सनं नजर फिरवली, मान डोलावली. "ज्यांना तळं हवं, त्यांनी मत दाखवावं."

अकरा कार्डं एकदम बाकांवर पडली. नारिंगी बाजू वर. आवाजसुद्धा झाला, टप टप टप. आनिनानं आपलं ठेवलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि तिला कळलं. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, जिंकली पोरगी.

बाल्ट्सनं नजर फिरवली. तीच, नेहमीची, डोक्यांच्या वरून जाणारी. हवेत एकही हात नव्हता. तो जरा बुचकळ्यात पडला, मग खूश झाला. "स्पष्ट बहुमत," तो म्हणाला. "गोठा."

"सर!" लेविन उभाच राहिला. "सर, खाली बघा! बाकांवर!"

"निर्णय जाहीर झाला आहे, लेविन. बस."

मग मी उठले. "बाल्ट्स, मोज."

"फ्रेनी, या खोऱ्यात मोजत नाहीत. बघतात."

"मग बघ ना, बाबा!"

आणि त्यानं बघितलं. हे मी कुठंही शपथेवर सांगेन. त्यानं खाली बघितलं, अकरा नारिंगी कार्डं बघितली, आणि त्याचे कान लाल झाले. त्याला कळलं. तोवर तो नुसता मूर्ख होता, मूर्ख माणसाला मी माफ करते, नाहीतर या शाळेत माझे दिवस कसे निघाले असते? पण कळल्यावर त्यानं पट्टी आणखी घट्ट धरली आणि म्हणाला, "सभाध्यक्षाचा शब्द मागं घेता येत नाही. आज एक मागं घेतला तर उद्या सगळेच मागं घ्यावे लागतील."

आणि पोरं? पोरांनी ऐकलं. हेच माझ्या मनाला फार लागलं. दोन वर्षं याच्या हाताखाली काढलेली पोरं ती. लेविननं कार्ड उचललं, बाकाच्या खणात ठेवलं. शेजारची मुलगी आनिनाला म्हणाली, "काय करणार गं, बहुमत म्हणजे बहुमत." बहुमत! अगं बाई, बहुमत तर तूच होतीस ना! मी तसं म्हटलंसुद्धा, मोठ्यानं, आणि एक मंत्री मागं वळून मला म्हणाला, "बाई, रिंगणात ओरडायचं नसतं."

मी तशीच त्रुम्पीबाईंकडे गेले, आमच्या मुख्याध्यापिकेकडे. लदीनालाही फोन करून बोलावून घेतलं. ती बिचारी पांढरीफटक पडली. "पण मी फेरी मारायला सांगितलं होतं," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. त्रुम्पीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. या बाईंना कुणाचंही मन दुखवायचं नसतं, त्यामुळे त्या एकाच वेळी सगळ्यांचं दुखवतात. "विषय नाजूक आहे," त्या म्हणाल्या. "शिक्षकांच्या बैठकीत ठेवू. मतदान घेऊ."

आता बैठकीचा अध्यक्ष कोण? बाल्ट्स! बाकी कुणालाच ते काम नको असायचं म्हणून कैक वर्षं तोच. मी कपाळावर हात मारला.

"स्वतःच्याच गुन्ह्याचा न्याय तू करणार का रे?" मी भर बैठकीत विचारलं.

"मी न्याय करत नाही, फ्रेनी. मी फक्त नजर फिरवतो."

मतदान पुन्हा घ्यावं असं कुणाला वाटतं, त्यानं विचारलं. मी हात वर केला, पूर्ण, खांदा दुखेपर्यंत. लदीना आमच्या शाळेची नव्हे, तिला मत नव्हतं. आणि बाकीचे माझे सहकारी, पदवीधर, पेन्शनीला टेकलेले, काय सांगू? कुणी हनुवटी खाजवल्यासारखा हात केला. कुणी चष्मा सारखा केला. संगीताच्या मास्तरांनी कोपर टेबलावर ठेवून तळवा असा उघडला, की नंतर विचारलं तर हो म्हणता येईल आणि नाही म्हटलं तरी चालेल. जिला खरंच हात वर नेता येत नाही ती एकटी आनिना. या लोकांना काय झालं होतं? बाल्ट्सनं नजर फिरवली. "बहुमत विरोधात." आणि त्या दिवशी, देवाशप्पथ, त्याचं बरोबर होतं.

मग आनिनाच्या आईला त्रुम्पीबाईंचा फोन गेला. आनिनाला रोपवेनं परस्पर वर सोडून पुढं कुणीतरी पाठुंगळीला मारून गोठ्यावर नेता येईल का, असं त्यांनी सुचवलं. आई म्हणाली, "ती बारा वर्षांची आहे, गव्हाचं पोतं नाही," आणि फोन ठेवला. मी लेखी कळवलं की मी या सहलीला येणार नाही, दुसरं माणूस बघा. संगीताचे मास्तर तयार झाले. त्यांना गवतात झोपायचं होतं म्हणे.

सहलीच्या दिवशी सकाळी मी बसथांब्यावर गेले, कारण आनिना निरोप द्यायला येणार असं तिच्या आईनं सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, नका आणू तिला, कशाला जिवाला त्रास. पण पोरीचाच हट्ट. लेविनला द्यायला तिनं घरी भाजलेली, नाशपातीचं सारण भरलेली गोड पोळी आणली होती, तो ती छातीशी धरून उभा होता आणि एकदाही वर बघत नव्हता. पिवळी बस आली. पोरं एकेक करून चढली. काही आनिनाला मिठी मारून गेली, काही तिला चुकवून गेली.

आमच्याकडे मास्तर प्रत्येक पोराशी हात मिळवतो, येताना आणि जाताना. बाल्ट्स आनिनासमोर आला, वाकला, तिचा हात मांडीवरून उचलून हातात घेतला. पाठीला पिशवी, डोक्याला पीस लावलेली टोपी. "आनिना," तो म्हणाला, "एक लक्षात ठेव. हरणारेसुद्धा निर्णयाचा भाग असतात. तू मत दिलंस, हेच सगळ्यात मोठं."

मी म्हणणार होते काहीतरी, आणि ते छापण्यासारखं नव्हतं. पण आनिनाच बोलली. आवाज चढवला नाही, हसली नाही.

"मी हरले नव्हते, सर. आम्ही अकरा होतो."

बसच्या उघड्या दारातून ते आत सगळ्यांनी ऐकलं. बाल्ट्सनं तिचा हात जिथून घेतला होता तिथं नीट परत ठेवला आणि बसमध्ये चढला.

ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, "मास्तर, सगळे आलेत ना? एकेक मोजून घ्या. घाटात मागं फिरता येत नाही मला."

आणि बाल्ट्स कुंडर्टनं मोजलं. बाकांमधून चालत, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, प्रत्येकाच्या डोक्यावर बोट ठेवून, मोठ्यानं. मग दाराशी परत आला.

"अठरा," तो म्हणाला. "सगळे आहेत. चला."